गुरुवारी पाणी बदलू नये

"ज्यांना खायला आवडतं त्यांना एक पुस्तक, आणि ज्यांना वाचायला आवडतं त्यांना एक," गौरी शिंत्रे म्हणाली आणि तिनं तीनशेवर नावांची यादी काउंटरवर माझ्यासमोर ठेवली. "ह्या दिवाळीला मिठाईचे डबे बंद. सासऱ्यांना मी सांगूनच टाकलंय."

शिंत्र्यांचा पाइपांचा कारखाना होता आणि गौरी त्यांच्या घरात नवीन आलेली सून. मी टेंबेकाकांच्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर होते. मला सहसा कुणी पहिल्या भेटीत आवडत नाही, पण ही आवडली. तिनं प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. 'मटण स्वतः करतात.' 'प्रवासात सतत वाचतात.' एका नावापुढं लिहिलं होतं, 'दोन्ही नाही, पण मोठे डीलर.'

"ह्यांना मिठाईच द्या," मी म्हणाले. "पुस्तक दिलंत तर टीव्हीखाली उंचवटा म्हणून ठेवतील."

ती हसली. आम्ही दोन दिवस बसून याद्या लावल्या. वाचणारे दीडशे आणि खाणारे दीडशे. वाचणाऱ्यांची पुस्तकं मी एकेक माणूस विचारून काढली. ज्याला झोप लागत नाही त्याला जाड कादंबरी देऊ नये, तो पहाटेपर्यंत जागतो आणि देणाऱ्याला शिव्या घालतो. त्याला लहान कथा द्याव्यात. निवृत्त झालेल्याला आत्मचरित्र दिलं की तो स्वतःचं लिहायला बसतो, तेव्हा तेही नको. ह्या कामात माझा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं, आणि हे मी नम्रपणा बाजूला ठेवूनच सांगते.

खाणाऱ्यांसाठी मात्र टेंबेकाकांनीच मध्ये तोंड घातलं. आतल्या खोलीतून एक चकचकीत पुस्तक आणून त्यांनी गौरीच्या हातात दिलं. "हेच द्या सगळ्यांना. परवाच आलंय. आपल्या नलिनीताई कामेरकरांचं."

"अय्या, नलूमावशींचं? आईची मैत्रीण आहे ती," गौरी म्हणाली. "मग ठरलंच. सही पण घेऊ त्यांची. सगळ्या प्रतींवर."

पुस्तकाचं नाव होतं 'कामेरकरांचं स्वयंपाकघर'. मुखपृष्ठावर नलिनीताई, पैठणी नेसून, हातात पळी. त्या बाईनं आयुष्यात पळी धरली असेल तर ती कुणाला तरी वाढायला, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी आई त्यांच्याकडं नऊ वर्षं स्वयंपाकाला होती.

मी सहज पानं उलटली. दिवाळीच्या फराळाच्या भागात अनारसे होते. तांदूळ तीन दिवस भिजत घालावेत, रोज पाणी बदलावं. पुढं ठळक अक्षरात एक ओळ होती: 'गुरुवारी पाणी बदलू नये.' आणि तिच्याखाली चौकटीत खुलासा. 'गुरुवार हा दत्तगुरूंचा वार. ह्या दिवशी भिजवणाला हात लावू नये असा आम्हा कामेरकरांच्या घराण्याचा दंडक आहे. माझ्या आजेसासूबाईंपासून तो कटाक्षानं पाळला जातो.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही ओळ माझ्या आईची होती. आमच्या चाळीत पाणी टाकीत चढवायची मोटार तेव्हा दर गुरुवारी बंद असायची. मालकाचा मोटार चालवणारा माणूस त्या दिवशी आठवड्याच्या बाजाराला जायचा, आणि किल्ली मालक दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. त्या दिवशी घरात असेल तेवढं पाणी प्यायला पुरवायचं. आईनं वहीत स्वतःला ताकीद दिल्यासारखं लिहून ठेवलं होतं: गुरुवारी पाणी बदलू नये. कारण लिहायची गरज नव्हती, चाळीत शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. आमच्या घरचा रिकामा हंडा ह्या बाईनं आजेसासूच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवला होता.

मी पुढची पानं पाहिली. कडबोळी, खाज्याची करंजी, तिखटमिठाचे शंकरपाळे. सगळं आईचं. 'पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ' हे शब्दसुद्धा आईचे.

आईचं नाव लीलावती शेटे. शाळा सातवीपर्यंत. निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीत तिनं तिचं सगळं स्वयंपाकाचं शहाणपण उतरवून ठेवलं होतं. दिवाळीत तिला सात-आठ घरी फराळाचं बोलावणं असायचं ते त्या वहीच्या जोरावर. नलिनीताईंनी एकदोनदा वही मागितली होती. आई म्हणाली, "तोंडानं विचारा काय पाहिजे ते, सांगते. वही नाही द्यायची." मी अकरा वर्षांची असताना ती वही घरातून नाहीशी झाली.

आईनं सगळं घर उलथंपालथं केलं आणि मग शेजारच्या बायजामावशीचं दार वाजवलं. आमची भिंतीला भिंत. आमच्या घराची दुसरी किल्ली फक्त मावशीकडं असायची, आणि तीही दिवाळीत फराळाची कामं घ्यायची. मावशीला वाचता येत नव्हतं, पण तिची मुलगी संगीता माझ्या वर्गात होती आणि तिला येत होतं. एवढं आईला पुरलं. गॅलरीत सगळ्या चाळीसमोर आई मायलेकींना चोर म्हणाली. मावशीनं आमची किल्ली आईच्या पायाशी टाकली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर पंधरा वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. रोज एका नळावर पाणी भरत होत्या, तरी नाही.

आणि ती वही आता दीडशे घरांत दिवाळीची भेट म्हणून जाणार होती, कामेरकरांच्या नावानं, माझ्या हातानं पॅक होऊन.

"हे पुस्तक मी पॅक करणार नाही," मी टेंबेकाकांना म्हणाले.

"का बरं?"

"चोरीचं आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रोहिणी, दिवाळी आठ दिवसांवर आलीय. तुझा रुसवाफुगवा पाडव्यानंतर काढ."

"रुसवा नाही. माझ्या आईची वही आहे ती."

"पुरावा आहे?"

मी त्यांना गुरुवारचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल बाई. पण छापलेलं पुस्तक छापलेलं असतं. तू गौरीबाईंसमोर तोंड उघडू नकोस."

मला तोंड बंद ठेवता येत नाही हे काकांना सहा वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलिनीताई सह्या करायला आल्या. सोबत गौरी. काकांनी टेबलावर चादर घातली होती, फुलं ठेवली होती, चहा मागवला होता. मी प्रती उघडून पुढं सरकवायच्या आणि त्यांनी सही करायची, असं ठरलं होतं.

"अगं रोहिणी ना तू? किती मोठी झालीस," नलिनीताई म्हणाल्या. आवाजात साखर पेरलेली. "आई कशी आहे? डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? फार गुणी बाई. हाताला काय चव होती."

"अजून आहे," मी म्हणाले.

त्यांनी पंधरा-वीस सह्या केल्या असतील. गौरी कौतुकानं पानं चाळत होती. तीच अनारशांवर थांबली. "मावशी, हे गुरुवारचं किती छान लिहिलंय. आमच्याकडं नव्हतं माहीत. आता मीही पाळणार."

"पाळच. फार कडक होत्या हो आमच्या आजेसासूबाई," नलिनीताई म्हणाल्या. "गुरुवारी पातेल्याला हात लागला तर सगळे तांदूळ टाकायला लावायच्या."

बस. माझं डोकं फिरलं.

"ताई, तुमच्या आजेसासूबाईंच्या बंगल्यात आड होता ना? बारा महिने पाण्याचा?"

"होता की. अजून आहे."

"मग गुरुवारी पाणी बदलायला काय झालं होतं? पाण्याची टंचाई आमच्या चाळीत होती. गुरुवारी मोटार बंद असायची. माझ्या आईनं म्हणून लिहिलं होतं ते. आमच्या नळाला पाणी नव्हतं त्याचं तुम्ही व्रत करून टाकलंत."

चहा घेऊन आलेला माणूस दारातच उभा राहिला. गौरी माझ्याकडं आणि ताईंकडं आळीपाळीनं बघायला लागली. काका नुसतेच "रोहिणी, रोहिणी" म्हणत होते.

नलिनीताईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. तो उतरला नाही. त्यांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वही माझ्याकडे कशी आली, ते पण सांगतेस का ह्यांना? की मी सांगू?"

मी पुढची प्रत उघडून टेबलावर सरळ केली.

"सांग ना," गौरी म्हणाली. "कशी आली?"

 आयुष्यात माझी बोलती एवढी कधी बंद झाली नव्हती. नलिनीताई अजून माझ्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला.

"लहान आहे अजून," त्या गौरीला म्हणाल्या. "आईवरच्या प्रेमापोटी बोलली. जाऊ दे."

"माफी माग," काका म्हणाले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. आणि उरलेल्या सगळ्या प्रती एकेक उघडून त्यांच्यापुढं सरकवल्या.

आता सांगते. ती वही मी दिली होती.

आईबरोबर शाळा सुटल्यावर मी कामेरकरांकडं जायची. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं पुस्तकांचं कपाट होतं, कुलूप लावलेलं. मी त्या काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत बसायची. एक दिवस आई मागे पोळ्या लाटत असताना नलिनीताईंनी कपाट उघडलं. म्हणाल्या, "तुला हवं ते ने. अगदी कुठलंही. फक्त आईची ती वही चार दिवस आणून दे मला. तिला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." मी एक जाडजूड लाल बांधणीचं गोष्टींचं पुस्तक निवडलं. दुसऱ्या दिवशी दप्तरातून वही नेऊन दिली.

चार दिवस झाले, आठ झाले. आईनं घर उलथंपालथं केलं तेव्हा मी कॉटखाली ते लाल पुस्तक वाचत होते. बायजामावशीला ती गॅलरीत चोर म्हणाली ते मी खिडकीतून ऐकलं. मी बोलले असते तर पुस्तक परत द्यावं लागलं असतं. नंतर मी वही मागायला गेले की ताई कपाट उघडायच्या, आणि मी वहीऐवजी दुसरं पुस्तक घेऊन यायची. त्या कपाटावरच माझं वाचन पोसलं, आणि त्याच वाचनावर मला टेंबेकाकांच्या दुकानात नोकरी लागली. कुणाला काय द्यावं हे त्या बाईला माझ्याआधी कळलं होतं.

नलिनीताई गेल्यावर मी प्रती मागच्या खोलीत नेल्या. दार आतून लावलं. रंगीत कागद, रिबिनी, कात्री सगळं तिथंच होतं. पॅक करायला घेतलेली पहिली प्रत हातात धरून मी बसले आणि रडू येईल म्हणून वाट पाहिली. रडू आलं नाही. नुसता संताप येत राहिला. त्या बाईचा, काकांचा, दुकानाचा, आणि त्या लाल पुस्तकाचा, जे मला अजूनही तोंडपाठ होतं.

मग मी निळं पेन घेतलं. अनारशांचं पान काढलं आणि त्या चौकटीच्या खाली समासात लिहिलं: 'गुरुवारी आमच्या चाळीत पाणी नसायचं, म्हणून. तुमच्याकडं असेल तर जरूर बदला. – लीलावती शेटे.'

दीडशे वेळा लिहिलं. पॅक केलं. रिबिनी बांधल्या. काका दोनदा दार वाजवून गेले, "झालं का गं?" विचारून. शेवटी माझं बोट सुजलं होतं. पाडव्यानंतर ह्याचा गवगवा झाला आणि माझी नोकरी गेली, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्या दिवशी तर मी विजयी मुद्रेनं दुकानातली जादा एक प्रत विकत घेतली, तिच्यातही तेच लिहिलं आणि घरी आले.

आई परातीत अनारशांचं पीठ मळत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हाताला दिसायचं. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि पान उघडून मोठ्यानं वाचलं. पाककृती, मग दत्तगुरू, मग आजेसासूबाई.

आईनं हात थांबवला. "कुणाचा दंडक?"

"कामेरकरांचा."

"अगं, मोटार बंद असायची आपली. त्यात कसला आलाय दंडक." आणि मग ती एकदम चिडली. "आणि लोक तसंच ठेवतील की गं पाणी, ह्या उन्हाच्या दिवसांत. तांदळाला वास मारंल. अनारसा तुपात टाकला की हसून चुरा होईल, आणि म्हणतील कृती वाईट."

"म्हणून मी खाली लिहिलंय." मी तिला समासातली ओळ वाचून दाखवली, तिच्या नावासकट. "दीडशे पुस्तकांत लिहिलंय. दीडशे घरांत तुझं नाव जाणार."

आईनं हात पदराला पुसले आणि पुस्तक मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन तिनं ते नाव पाहिलं. तिला फार काही दिसलं नसणार, पण तिनं बोट फिरवलं. क्षणभर तिला आनंद झाला, हे मी पाहिलं.

मग ती म्हणाली, "पण वही तिच्याकडं गेली कशी?"

तिथं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिला कधी कळलं नसतं. पण दीडशे वेळा तिचं नाव लिहून माझ्यात काय शिरलं होतं कुणास ठाऊक. मी सांगितलं. कपाट, लाल पुस्तक, दप्तर, सगळं.

 आईनं पिठावर ओलं फडकं घातलं. खसखशीची वाटी जागेवर ठेवली.

"बायजाला मी चाळीसमोर चोर म्हणाले," ती म्हणाली.

"हो."

"संगीताला पण. पोर शाळेत जायला लाजायची. तू बघत होतीस."

"हो, आई."

"माझं नाव दीडशे पुस्तकांत लिहिलंस." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो राग मी तिच्यात त्याआधी कधी पाहिला नव्हता. "तुझं कुठं लिहिलंस?"

 आईनं पुस्तक माझ्याकडं ढकललं. मी पेन काढलं आणि तिच्या नावाखाली लिहिलं: 'ही वही बायजाबाईंनी किंवा संगीतानं नेली नव्हती. मी नेऊन दिली. – रोहिणी शेटे.'

"आता जा तिच्याकडं."

"तू येत नाहीस?"

"माझं मी उद्या बघीन. मी कोणत्या तोंडानं जायचं ते मला ठरवू दे. तू आत्ता जा."

पलीकडच्या दारापर्यंत चार पावलं. बायजामावशी चटईवर बसून चिवड्यासाठी शेंगदाणे निवडत होती. मला दारात बघून तिचा हात सुपातच राहिला. पंधरा वर्षांत मी तो उंबरा ओलांडला नव्हता.

"काय गं?"

"मावशी, एक वाचून दाखवायचंय."

"मला काय करायचंय वाचून? वाचता येत न्हाई तरी चोर झाले मी. लेकीला वाचता येतं म्हणून."

"तेच आहे ह्यात."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मी दारात उभी राहून वाचलं. आधी अनारसे, मग गुरुवार, मग आईची ओळ. शेवटी माझी. माझी ओळ वाचताना आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना.

मावशी उठली. ती माझ्या कानाखाली ओढेल असं मला वाटलं, आणि तिनं ओढावी असंही वाटलं. पण तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत गॅलरीत आणलं, बरोबर जिथं आई पंधरा वर्षांपूर्वी उभी होती तिथं. खाली नळावर बायका होत्या. समोरच्या दोन-तीन दारांतून माणसं डोकावायला लागली.

"आता वाच," मावशी म्हणाली. "मोठ्यानं. खालपर्यंत गेलं पायजे."

मी वाचलं.

"परत."

आमच्या खोलीत आईनं फरफरणारा स्टोव्ह बंद केला. तिला नीट ऐकायचं असणार. मी पान डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या नावाची ओळ पहिल्यापासून वाचायला लागले.